दार लागत नाही

मावशीचा फोन आला तेव्हा चिमी शिकाऊ गाडीत बसली होती, आणि चालवायला शिकणारे गृहस्थ गाडी पुन्हा एकदा बंद पाडून कपाळाचा घाम पुसत होते. चिमी हे तिचं घरातलं नाव. चाळिशी उलटली, खांदे चांगले रुंद झाले, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे तिला 'मॅडम' म्हणत आणि टरकून असत, तरी मावशीच्या लेखी ती अजून चिमीच होती.

"चिमे, उद्या सुट्टी ना तुला? येताना रंधा घेऊन ये."

"काय घेऊन?"

"रंधा गं, सुताराचा. स्वयंपाकघराचं दार लागत नाहीये. पावसानं लाकूड फुगलंय. मी त्याला ढकलते, ते मला ढकलतं. सकाळ-संध्याकाळ कुस्ती चाललीय आमची."

"पाऊस किती आहे वर?"

"पाऊस पावसासारखा आहे. तू रंधा आण."

मावशीचं घर डोंगरावर होतं, माथ्याच्या थोडं खाली, जिथे चढ जरा दम घेतो अशा एका सपाट तुकड्यावर. डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ते बांधलं होतं. दोन खोल्यांत लोखंडी खाटा, एक मोठं स्वयंपाकघर, ओले बूट वाळत घालायला चुलीमागे दोऱ्या. नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मावशी खाली यायला तयार नव्हती. चिमीची आई लवकर गेली होती आणि मावशीनं तिला त्याच घरात वाढवलं होतं. त्यामुळे मावशीनं रंधा म्हटलं की चिमी रंधा घेऊन निघायची. चर्चेला तिथे वाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमधून शेवटच्या थांब्यावर उतरली. आठवडाभर झोड उठवणारा पाऊस अजून चालूच होता. उतरणारी ती एकटीच होती. रेनकोटची टोपी ओढून तिनं पाठीवरची पिशवी आवळली आणि वाटेला लागली.

ही वाट तिच्या पायांना पाठ होती. आधी झाडीतून नागमोडी चढ, मग ओढ्यावरचा लाकडी साकव, मग खरा उभा टप्पा. तिथे कडेला लोखंडी खांब रोवून धरायला तार बांधलेली होती. त्यानंतर गवताचा मोकळा उतार आणि वर घर. एवढ्या पावसात साकव ओलांडताना ओढा बोलूसुद्धा द्यायचा नाही, इतका गर्जायचा. लहानपणी ती आणि मावशी तिथे उभं राहून मुद्दाम ओरडून बोलायच्या.

आज ओढा गप्प होता.

चिमी साकवावर थांबली आणि खाली वाकून पाहिलं. दगड ओले होते, त्यांच्यामधून बोटभर पाणी वाट काढत होतं. बस्स. डोक्यावर पाऊस धो धो कोसळत होता आणि ओढ्यात पाणी नव्हतं. वर कुठेतरी झाड आडवं पडून पाणी अडलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. बरंच झालं, साकवावर पाणी चढलं नाही. पण पुढे चालताना तिनं दोन वेळा मागे वळून पाहिलं.

उभ्या टप्प्यावर तिनं सवयीनं तारेला हात घातला आणि झटकन काढून घेतला. तार नेहमी सैल असायची, धरली की झोपाळ्यासारखी हलायची. आज ती ताणून बसवल्यासारखी घट्ट होती, आणि पावसाचे थेंब तिच्यावर पडले की बारीक आवाज येत होता. चार पावलं वर एक खांब मुळासकट उपटून निघाला होता. तो तारेला धरून हवेत लोंबत होता, त्याच्या बुडाशी काँक्रीटचा गोळा तसाच चिकटलेला. हे कुणी मुद्दाम केलंय म्हणावं तर तेवढी ताकद माणसाची नव्हती.

त्याच्या पलीकडे वाटेच्या मधोमध जमिनीतून पाणी वर येत होतं, चहात दूध जास्त झाल्यासारखं मातकट. तिथे कधी झरा नव्हता. आजूबाजूची झाडं एकाच दिशेला कलली होती. वाऱ्यानं झाडं उताराच्या बाजूला कलतात, ही मात्र चढाकडे पाठ टेकून बसल्यासारखी मागे रेलली होती. आणि ओल्या पानांच्या वासाखाली आणखी एक वास होता. ताजी माती खणल्याचा.

शिकवणाऱ्याच्या पायाखाली गाडीत जादा ब्रेक असतो. इतक्या वर्षांच्या सवयीनं चिमीचा उजवा पाय आताही आपोआप जमिनीवर दाबला गेला. इथे थांबवण्यासारखं काही नव्हतं. तिनं पाय उचलला आणि भराभर चढायला लागली.

"आलीस? बूट बाहेर काढ. रंधा आणलास ना?" मावशी ओट्याशी उभी होती. एका हातात झारा, दुसरा हात कमरेवर. तब्येत, रंग, आवाज, सगळं जागच्या जागी. चिमीच्या जिवात जीव आला.

"मावशी, ओढ्याला पाणी नाही."

"तुला तहान लागली असेल तर चहा टाकते. ओढा कशाला हवाय?"

"अगं, एवढ्या पावसात ओढा कोरडा आहे. आणि खांब उखडलाय."

"तो खांब तुझ्या काकांनी रोवलेला. त्यांनी रोवलेलं काय टिकलंय आजवर?" मावशी हसली. "आधी दार बघ."

दार बघितलं. वरचा कोपरा चौकटीला घासत होता. चिमीनं स्टुलावर चढून रंधा मारला, पांढऱ्या लाकडाच्या कुरळ्या सालपट्या खाली पडत गेल्या, आणि थोड्या वेळानं दार अलगद लागलं. मावशीनं चार वेळा उघडून, चार वेळा लावून पाहिलं.

"याला म्हणतात काम. बस आता."

चहा पिताना चिमीचं लक्ष फडताळावरच्या छोट्या डबीकडे गेलं. "हे काय?"

"घड्याळजींचं कानाचं यंत्र. भिजायला नको म्हणून ठेवून गेलेत. सकाळीच माथ्याकडे निघाले."

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ. दर वर्षी ऐन पावसात एकटेच यायचे, चार दिवस राहायचे, भिजायचे आणि खूश होऊन जायचे. दुकानात दिवसभर टिकटिक सोसल्यावर माणसाला असंच काहीतरी सुचत असेल, असं मावशी म्हणायची.

"यंत्राशिवाय त्यांना किती ऐकू येतं?"

"उजव्या कानात ओरडलं तर थोडं. डाव्यात तोफ डागली तरी नाही."

मावशी कप विसळायला उठली. नळातून आधी लाल पाणी आलं, मग चिखल, मग नळ खोकला आणि बंद पडला. "वरच्या टाकीत पालापाचोळा अडकला असेल," ती म्हणाली, पण या वेळी तिच्या बोलण्यात तो ठसका नव्हता. बाहेरून पाणी आणावं म्हणून ती दाराकडे वळली. दार उघडेना.

"आत्ता तर लागत होतं," मावशी म्हणाली.

चिमीनं खांदा लावून दार उघडलं आणि चौकटीकडे पाहिलं. वरचा कोपरा मोकळाच होता, तिनं तासलेलं लाकूड तसंच पांढरं दिसत होतं. आता अडकत होता तो खालचा कोपरा, समोरच्या बाजूचा. लाकूड एवढ्या वेळात फुगत नाही. दार जसं होतं तसंच होतं. चौकट वाकडी झाली होती.

तेवढ्यात खाटांच्या खोलीत काहीतरी तडकलं. दोघी तिकडे धावल्या. खिडकीची काच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चिरली होती. कुणी दगड मारला नव्हता, वाराही नव्हता. त्या बघत असतानाच चिरेला आणखी एक फाटा फुटला, सावकाश, जणू कुणी पलीकडून नखानं ओढत होतं.

"तू इथेच थांब," चिमी म्हणाली आणि घराच्या मागे गेली.

मागच्या अंगणापलीकडे गवतात एक भेग पडली होती. आधी तिला ती पाण्यानं पाडलेली घळ वाटली. जवळ गेल्यावर कळलं, की भेगेच्या वरची जमीन आणि खालची जमीन आता एका पातळीत राहिलेली नाही. खालची, म्हणजे घराकडची बाजू वीतभर खचली होती. दोन्ही काठांमध्ये गवताची मुळं दोऱ्यांसारखी ताणली गेली होती, आणि त्यांतली एक तिच्या डोळ्यांदेखत तुटली. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भेग घराला मागून वेढा घालून दोन्ही अंगांनी खाली झाडीत उतरत होती. ती आली ती वाट, तो साकव, ती झाडं, सगळं त्या वेढ्याच्या आत होतं.

तिनं एक दगड उचलून भेगेत टाकला. तो आदळल्याचा आवाज आला नाही. पण कान देऊन ऐकल्यावर खालून दुसराच आवाज आला, खोल आणि एकसारखा. पाणी वाहत होतं. ओढ्याचं पाणी कुठे गेलं ते तिला कळलं.

ती धावतच घरात आली. "मावशी, चप्पल घाल. आपण निघतोय. मी आले त्या वाटेनं नाही, धारेनं."

धार म्हणजे घराच्या एका बाजूला हाकेच्या अंतरावरून खाली उतरणारी काळ्या कातळाची सोंड. तिच्यावरून एक जुनी वाट होती, लांबची आणि खडबडीत, म्हणून कुणी वापरत नसे. पण तो सलग खडक होता आणि भेगेच्या बाहेर होता.

"काय झालं ते तरी सांगशील?"

"डोंगर खाली सरकतोय. घराला घेऊन."

मावशीनं झारा खाली ठेवला. मागे जाऊन भेग पाहून आली. आल्यावर खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "घड्याळजी वर आहेत."

"मला माहीत आहे."

"माझ्या घरी उतरलेला माणूस बाहेर असताना मी दार ओढून निघून जाऊ? यायचे ते जेवायला, आणि घरात कुणी नाही, चूल थंड?"

"जेवायला आले तर घर असेल का इथे?"

"म्हणूनच म्हणते. त्यांना सांगायला कुणीतरी हवं ना!"

चिमीनं फोन उचलून पाहिला. तो मुका झाला होता. तिच्या मोबाइललाही तिथे कधी रेंज मिळत नसे. हाका मारून उपयोग नव्हता, घंटा वाजवून उपयोग नव्हता. कुणीतरी वर जाऊन त्या माणसाला हाताला धरून आणायला हवं होतं, आणि मावशीच्या गुडघ्यांनी ते होणार नव्हतं.

"ठीक आहे, मी जाते," चिमी म्हणाली. "पण तू आत्ता माझ्यासमोर धारेवर जाऊन बसायचं. छत्री घे. काही झालं तरी परत घरात यायचं नाही. काही झालं तरी."

"मला काय लहान पोर समजतेस?"

"तू ऐकत असतीस तर समजले नसते."

तिनं मावशीला हात धरून कातळावर नेऊन बसवलं, छत्री दिली, आणि घरामागून माथ्याच्या वाटेनं वर निघाली.

भेग ओलांडताना तिनं खाली पाहिलं नाही. वरचा चढ छातीवर येणारा होता. धुकं इतकं दाट, की पुढचं पाऊल टाकेपर्यंत वाट दिसत नव्हती. चिखलातून पाय काढताना प्रत्येक वेळी बूट मागे राहील असं वाटायचं. मधूनच खालून, पायांच्या खालून, एक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि थांबायचा. तो आला की चिमी जागीच उभी राहायची. तो थांबला की तिला आणखी भीती वाटायची.

घड्याळजी सापडले ते माथ्याच्या अलीकडे एका पुढे आलेल्या खडकाखाली. पाय पसरून निवांत ब्रेड खात बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"या या! पाव घ्या!" ते ओरडून बोलले. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

चिमीनं त्यांच्या उजव्या कानापाशी तोंड नेलं. "खाली चला! जमीन खचतेय!"

"जमीन? कुणाची जमीन?"

"घराखालची! भेग पडलीय!"

"पावसात पडतात हो भेगा. बसा जरा, धुकं निघालं की काय दिसतं इथून!" त्यांनी पुन्हा पावाचा तुकडा पुढे केला.

चिमीनं त्यांचा दंड धरला तर ते हसून हात सोडवू लागले. समजावण्यात वेळ जात होता, आणि वेळ किती उरलाय ते तिला माहीत नव्हतं. तिनं पुन्हा कानाशी तोंड नेलं आणि गळ्याच्या शिरा ताणून खोटं सांगितलं. "मावशी पडली! पाय मोडलाय!"

घड्याळजींनी पाव टाकला. ते उठले आणि तिच्या आधी उतरायला लागले. या वयात माणूस त्या उतारावर इतक्या वेगानं जाऊ शकतो हे तिला सांगून पटलं नसतं.

भेगेपाशी आले तेव्हा वीतभर खचलेली जमीन गुडघाभर खाली गेली होती. घड्याळजी काठावर थबकले. त्यांनी भेगेकडे पाहिलं, मग चिमीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. तिनं त्यांना हाताला धरून पलीकडे उतरवलं आणि धारेकडे वळवलं.

कातळावर छत्री उघडी पडली होती. मावशी नव्हती.

"मावशी!"

आवाज घरातून आला. दबका, ठोकल्याचा. चिमी धावली. स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि पलीकडून मावशी ते बडवत होती.

"चिमे, उघडत नाहीये गं!"

"आत कशाला गेलीस?"

"चूल पेटती राहिली होती. आणि त्यांचं यंत्र... उघड ना!"

चिमीनं खांदा मारला. दार हललंसुद्धा नाही. सगळ्या बाजूंनी चौकटीनं ते आवळून धरलं होतं, वरून छताची तुळई करकरत होती आणि भिंतीतून मातीची बारीक धार गळत होती. पुढच्या बाजूनं खाटांच्या खोलीतून जावं तर तिथलं छत एका कोपऱ्यात खाली आलेलं. घड्याळजींना काही ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. ते घराला वळसा घालून गेले आणि पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज आला. ओट्यावरच्या खिडकीची काच त्यांनी आपल्या काठीनं पार चौकटीपर्यंत झोडून काढली होती. अंगातला रेनकोट काढून त्यांनी तो काठावर टाकला.

"ओट्यावर चढ!" चिमी ओरडली. "मावशी, ओट्यावर चढ!"

"गुडघा वाकत नाही गं."

"वाकव!"

मावशी कशीबशी चढली. दोघांनी तिच्या काखेत हात घालून तिला पोत्यासारखं बाहेर ओढलं. तिची एक चप्पल आतच राहिली. चिमीनं तिला पाठुंगळी घेतलं आणि तिघं धारेवर पोचेपर्यंत कुणीही मागे पाहिलं नाही. पोचल्यावर पाहिलं. घर उभं होतं. थोडं तिरकं, पण उभं.

धारेच्या वाटेनं उतरायला दुपार सरली. तिघंही कान मागे लावून उतरत होते, आता येईल, आता येईल. काहीच आलं नाही. खालच्या रस्त्यावर पाय लागले तेव्हा पाऊस उघडला होता आणि डोंगर धुक्यात अगदी शहाण्यासारखा उभा होता.

मावशी चिमीच्या घरी राहिली. ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच दोन खोल्या होत्या, खिडकीतून शिकाऊ गाड्यांची रांग दिसायची. पहिले काही दिवस मावशी निमूट होती. मग ऊन पडायला लागलं आणि तिचं तोंड सुटलं.

"काय गं, कुठे गेला तुझा डोंगर? इथून तर जागच्या जागी दिसतो."

चिमीनं संबंधित कार्यालयात जाऊन कळवलं होतं. तिथला अधिकारी पायथ्यापर्यंत जाऊन आला, वाटेवर दोरी बांधली, धोक्याची पाटी लावली. पाऊस थांबला, जमीन वाळली, काही घडलं नाही, तेव्हा कुणीतरी दोरी सोडून टाकली. घड्याळजींचा फोन आला. आता त्यांच्या कानात यंत्र होतं आणि ते हळू आवाजात बोलत होते. "मॅडम, जिवावरचं बोटावर निभावलं म्हणायचं, की आपण उगाच घाबरलो? बायको तर म्हणते, मावशींच्या घराची खिडकी फोडायला गेला होतात का!"

चिमीनं फोन ठेवला. रात्री तिला कण्हल्याचा आवाज आठवायचा. सकाळी उन्हात तो डोंगर पाहिला की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायचं. मावशीनं चहात साखर कमी म्हणून, उशी कडक म्हणून, रस्त्यावर फार हॉर्न म्हणून कुरबूर केली की चिमी साखर वाढवायची, उशी बदलायची, खिडकी लावायची. खरी कुरबूर कशाची आहे हे तिला कळत होतं. मला माझ्या घरातून खिडकीतून ओढून काढलंस, आणि घर तर अजून उभं आहे.

त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. चिमी मैदानात एका मुलीला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. आधी तिला वाटलं शेजारून मोठा ट्रक गेला. पण तो आवाज जाईना, वाढतच गेला, आरसा थरथरायला लागला. मुलीनं घाबरून गाडी बंद केली. चिमी बाहेर उतरली. डोंगराच्या अंगावरून पिवळट धुरळ्याचा लोट वर चढत होता, आणि त्याच्या खाली जिथे गवताचा हिरवा उतार दिसायचा तिथे काहीच नव्हतं.

ती वरच्या खोलीकडे धावत सुटली. दार ओढून घेतलेलं. मावशी नव्हती. तिची काठी नव्हती. खुंटीवरची पिशवी नव्हती.

शिकाऊ गाडी तिनं त्या दिवशी कशी चालवली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत रस्त्यावर माती आली होती. माणसं जमली होती, कुणी ओरडत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. थोड्या अंतरावर रस्त्याकडेच्या कठड्यावर एक म्हातारी बसली होती. केसांपासून पायांपर्यंत धुळीनं माखलेली, जणू मातीचीच घडवलेली. चिमी जवळ गेल्यावर मूर्तीचे डोळे हलले.

"मावशी!" चिमीनं तिला मिठी मारली. मग तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "कुठे निघाली होतीस? कुठे?"

"गुडघा धरला," मावशी म्हणाली. "म्हटलं जरा बसू आणि मग चढू." ती चिमीकडे बघत नव्हती, वर बघत होती. "चिमे, दोन पोरं गेली वर."

"कोण पोरं?"

"एक मुलगा, एक मुलगी. ती विचारत होती, मावशी, वाट चालू आहे ना, दरडीचं काहीतरी ऐकलं होतं. मी म्हटलं, जा बिनधास्त. काही होत नाही या डोंगराला. माझी भाची उगीच बाऊ करते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "हसली ती. म्हणाली, वरून तुमच्या घराचा फोटो आणते."

चिमी तिच्या शेजारी बसली. शोधायला आलेल्या माणसांना तिनं सगळं सांगितलं, पोरं कधी गेली, कुठपर्यंत पोचली असतील. त्यांनी मातीकडे पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. माती अजून हलत होती, आत जाता येत नव्हतं. ऊन उतरत गेलं. कुणीतरी पाण्याची बाटली आणून दिली, ती मावशीच्या हातात तशीच राहिली. चिमी दोनदा म्हणाली, घरी चल. मावशीनं ऐकलंच नाही.

सूर्य टेकायला आला तेव्हा गर्दीतून एक गलका उठला. धारेच्या बाजूनं, कातळावरून, दोन आकृत्या उतरत होत्या. एक दुसरीला धरून. शोधणारी माणसं त्यांच्याकडे धावली.

साकवाच्या अलीकडेच मुलीच्या बुटाचा तळ निघाला होता. तो बांधायला म्हणून दोघं वाटेबाहेर झाडाखाली बसली. दोरी कशाची काढायची यावरून त्यांचं भांडण जुंपलं आणि रुसून ती मुलगी एक बूट घालून, एक हातात घेऊन भलतीकडेच चालू लागली. मुलगा तिची समजूत काढत मागे. त्या भांडणात ती दोघं कातळापाशी पोचली, एवढंच. बाकी सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं.

मावशी उठली. काठी न घेताच चालत त्यांच्यापर्यंत गेली. मुलाच्या दंडाला हात लावून पाहिलं, मग मुलीच्या. मुलीचे दात वाजत होते.

"मावशी, तुमचं घर..." ती म्हणाली.

"असू दे गं. तू पाय दाखव आधी."

मुलीला कठड्यावर बसवून मावशी खाली मातीत बसली, न वाकणारा गुडघा एका बाजूला ताठ ठेवून. तिनं मुलीचा रक्तानं आणि चिखलानं भरलेला पाय मांडीवर घेतला, बाटली उघडली आणि ओंजळीनं तो धुवायला लागली. एका हातात बाटली धरून ओंजळ होत नव्हती, निम्मं पाणी बाहेरच सांडत होतं. चिमीनं पुढे होऊन बाटली धरली.